सोनीचा जुना पीएसपी (हातात धरायचा गेम कन्सोल) घ्यावा की नोकिया एन८०० (नेटसाठीचा छोटा टॅबलेट)? गेमसोबत थोडं नेटही पाहायचंय.

गेमसाठी पीएसपीच. नेटसाठी मात्र तो तोकडा: पडदा ४८० × २७२ पिक्सेल, पहिल्या मॉडेलची रॅम जेमतेम ३२ एमबी. चित्रांनी भरलेलं पान उघडलं की ब्राउझर मेमरी संपल्याचं सांगून हात वर करतो. २००७ च्या एन८०० मध्ये ८०० × ४८० पडदा, १२८ एमबी रॅम. रुंद पान आडवं न सरकवता वाचता येतं; गेमसाठी मात्र बटणं अपुरी.

पण आज दोन्हींचे मूळ ब्राउझर नवी एचटीटीपीएस (सुरक्षित) पानं बहुधा उघडतच नाहीत, कारण त्यांचं टीएलएस, म्हणजे अशा पानांसाठी लागणारं एन्क्रिप्शन, जुनं. त्यात पीएसपीला डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची सुरक्षा पद्धत चालत नाही. राउटरची सुरक्षा त्याच्यासाठी उतरवू नका.

घेताना पीएसपीच्या बॅटरीचं झाकण उघडून पाहा. झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. फुगली असेल तर चार्ज न करता बदला.