आधी कान तपासा, ताई

ताई, अडीच वर्षांचं लेकरू बोलत नाही, तर "त्याचा बाप पण उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. आधी कानांची तपासणी, सांगितली तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी चाचणी. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात विचारा.

बोलणं शिकवणाऱ्या ऑनलाइन स्पीच थेरपीत मूल स्क्रीनसमोर बसलंच पाहिजे असं नाही. थेरपिस्ट खरं तर तुम्हाला शिकवत असते. आमचा सराव संत्रं सोलताना व्हायचा. फोड हातात धरायची, "दे" म्हणायचं आणि दहा सेकंद गप्प राहायचं. ते गप्प राहणंच मला फार जड गेलं. लेकरानं नुसतं बोट दाखवलं तरी फोड द्या, तेही बोलणंच आहे. घरी वऱ्हाडी बोलता ना, तीच बोला.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा-भाषा दोष आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरता येतो.