वाचक विचारतात : बीपीचा आकडा खरा कसा काढायचा?

सासऱ्यांचं बीपी दवाखान्यात १५६/९४ भरतं, घरच्या मशीनवर १३२/८२. खरं कुठलं धरायचं? – एक वाचक, राजारामपुरी

दोन्ही खरे असू शकतात. रक्तदाब दिवसभर खाली-वर होतच असतो. त्यात जिना चढून येणं, नंबर लागेपर्यंतची धाकधूक आणि समोर डॉक्टर, एवढ्याने कित्येकांचा दाब चढतो. म्हणूनच उच्च रक्तदाबाची रेषा दोन्हीकडे वेगळी आहे : दवाखान्यात १४०/९०, तर घरच्या सरासरीत १३५/८५. सासऱ्यांचे घरचे आकडे या रेषेखाली आहेत, पण ते नीट मोजलेले असतील तरच त्यांना अर्थ आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत कॉटवर पाय लोंबकळत ठेवून, हात मांडीवर टेकवून बीपी मोजतात. मांडीवरचा हात हृदयाच्या पातळीखाली जातो. दंड १० सेंटिमीटर खाली असला, तर नुसत्या तेवढ्याने दाब सात-आठने जास्त दिसतो. म्हणून पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या. पावलं जमिनीला टेकवा, पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याशी येईल. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा. सदऱ्याची बाही वर गुंडाळून दंडाला आवळू नका, हात बाहीतून काढाच. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिशेरी नाही आणि रंकाळ्याची फेरीही नाही. लघवीला जाऊन या, कारण भरलेल्या मूत्राशयानेही दाब वाढतो. मग पाच मिनिटं गप्प बसा. मशीन चालू असताना बोलणं हा घराघरांतला दोष आहे. "किती आलं?" एवढं विचारलं तरी आकडा हलतो.

सात दिवस सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, तसंच रात्री जेवणाआधी मोजा. प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी काढा. चांगला आलेला आकडा तेवढा लिहायचा आणि वाईट आलेला खोडायचा, असं करू नका. मग ती वही डॉक्टरांना निरुपयोगी ठरते. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हातावर जास्त भरेल तोच पुढे कायम ठेवा. वरच्या आकड्यात १५-२० चा फरक वारंवार येत असेल, तर तो डॉक्टरांना मुद्दाम सांगा. पुढच्या भेटीत मशीन सोबत न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून घ्या.

मुलगा तालमीत आहे, वय २३, तब्येत दणकट. तरी घरच्या मशीनवर १४८/८८ येतं. घाबरायचं का? – एक पालक, गंगावेश

आधी शिंप्याची टेप घेऊन त्याचा दंड मोजा. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. मशीनसोबत मिळणारा साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. माप पट्ट्यावरच छापलेलं असतं. पैलवानाचा दंड ३८-४० सहज भरतो. पट्टा आखूड पडला की रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि मशीन तीच दाब म्हणून दाखवतं. एक माप लहान पट्ट्याने वरचा आकडा साधारण पाचने वाढतो, दोन मापं लहान असेल तर वीसपर्यंत. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, पण त्याच कंपनीचा आणि त्याच मशीनला चालणारा घ्या.

योग्य पट्ट्याने, जोर-बैठकांनंतर पुरेशी विश्रांती घेऊनही आकडा चढाच राहिला, तर "पैलवान गडी, त्याला काय होतंय" म्हणून सोडू नका. या वयात वाढलेल्या दाबामागे कधी मूत्रपिंडाचा आजार निघतो, कधी नियमित घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, कधी अंग भरण्यासाठी घेतलेली इंजेक्शनं. हे शेवटचं त्याला एकट्याला, न रागावता विचारा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आई ७४ वर्षांची. मशीन तीनदा लावलं की तीन आकडे येतात. उठताना तिला चक्करही येते. – एक वाचक, कागल

मशीन वरचा-खालचा आकडा थेट मोजत नाही. पट्टा सैल होताना रक्तवाहिनीची जी कंपनं जाणवतात, त्यावरून ते हिशेब करतं. ठोके अनियमित असतील तर हा हिशेब चुकतो. आईंच्या मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी बघा. लय तुटत असेल तर ईसीजी काढून घ्या आणि बीपी डॉक्टरांकडून स्टेथोस्कोप लावून मोजून घ्या.

चक्करेसाठी त्यांना पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. जवळ कुणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना कळवा. गोळीचं प्रमाण ते बदलतील. आपण होऊन गोळी बंद करू नका.

साध्या मिठाऐवजी सैंधव चालेल का? – एक वाचक, शाहूपुरी

नाही. तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा मीठ. त्यात लोणचं, पापड, ठेचा, मिसळीवरचा फरसाण आणि रश्श्यातलं मीठही आलं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

रात्री अचानक १९०/११० आलं तर? – एक वाचक, इचलकरंजी

पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढेच असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं किंवा अंधारी येणं यातलं काहीही असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. यातलं काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेजाऱ्यांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो.