सातपाळीच्या रानात चकवा कुठे लागतो?

दिवाळी अंकापासून या मासिकात माझी ‘सातपाळी’ ही कथा क्रमशः येते आहे. रान कल्पनेतलं आहे, माणसंही कल्पनेतली. तरी पत्रं अशी येतात की जणू पुढच्या सुट्टीत तिथे जायचंच आहे. मला त्याचा फार आनंद होतो. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. घरामागे तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आहे. या वेळी पाच पत्रांना उत्तरं देते.

सातपाळीचा नकाशा का छापत नाही? मी वहीत काढून पाहिला, तर पाचवा तलाव डोंगराच्या वर गेला. (सहावीतला विद्यार्थी, लाखांदूर)

बेटा, तू पाठवलेला कागद माझ्या समोर आहे. तू डोंगर आधी काढलास आणि पाणी मागून ओतलंस, म्हणून तलाव वर चढला. आता कोऱ्या कागदावर आधी पाणी उतरव. उत्तरेला म्हातारदेवाची पहाडी. तिच्या दोन सोंडांच्या मधून नाला निघतो आणि जिथे सोंडा जवळ येतात तिथे पहिली पाळ. तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघतं ते थेट दुसऱ्या तलावात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. अशा सात पाळी. सातव्या तलावाचा पलीकडचा काठ दिसत नाही. तिथून उरलेलं पाणी मुकी नदीत जातं. होळीपासून मृगापर्यंत तिच्यात नुसती वाळू दिसते, पाणी खालून वाहतं आणि आवाज करत नाही, म्हणून ती मुकी. हातभर उकरलं की झिरा लागतो.

ही रचना मी डोक्यातून काढलेली नाही. आपल्या भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव असेच उतरत्या जमिनीवर आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले. नवेगावबांधला गेलास तर पाळीवर उभा राहा आणि पाणी कोणत्या बाजूनं येतं ते आधी बघ. जुन्या तलावात पाणी सोडायला तुडुम असतं. सातपाळीत पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या तलावाचं तुडुम उजव्या हाताला आहे, बाकीच्यांचं डाव्या. नकाशात किलोमीटर लिहू नकोस, मुक्काम लिही. पहाडीपासून सातव्या पाळीपर्यंत पायी दोन मुक्काम, सोबत ढोरं असली तर तीन.

आमच्याकडे धान कापायला बाया एकट्या जात नाहीत. टोळीनं जातो आणि एकजण टिन वाजवत राहतो. तुमच्या रानात वाघ दिसतच नाही. रानातली भीती तुम्हाला माहीत नाही का? (वाचक, ब्रह्मपुरी तालुका)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ज्या घरातलं माणूस वाघानं नेलं त्या घरासमोर वाघाच्या रुबाबाचं वर्णन मला करवत नाही. सातपाळीत वाघ आहे. अकरा भागांत तो दिसला नाही, पण त्याच्यामुळे माणसं काय काय करतात ते प्रत्येक भागात आहे. सांबर ‘ढांक’ करतं, वानर खाकरतं, आणि चालणारे जागच्या जागी थांबतात. रानाशेजारी राहणाऱ्याला वाघ बहुतेक असाच भेटतो.

भीती माहीत आहे, ताई. नऊ-दहा वर्षांची असेन. चैताचे दिवस. माय पहाटे चारला उठवायची, टोपली आणि कंदील घेऊन आम्ही मोह वेचायला जायचो. मोहफूल पहाटेच गळतं. बोटाच्या पेराएवढं, फिकट पिवळसर, रसानं टच्च भरलेलं, मधे आरपार भोक. अंगणात वाळवलं की मनुक्यासारखं तांबूस होतं. ओलं फूल हातात घेतलं की बोटं चिकट होतात आणि तो वास दुपारपर्यंत जात नाही. त्या दिवशी मायनं एकदम माझं मनगट धरलं. झाडाखाली काळा ढिगारा हलत होता. आधी नुसता आवाज आला, फुसफुस, मग चघळल्याचा. अस्वल होतं. माय पळाली नाही. तिनं कंदील खाली ठेवला, टोपलीच्या बुडावर काडीनं टकटक केलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “खा बाप्पा, आम्ही थांबतो.” आम्ही उजाडेपर्यंत तिथेच उभ्या होतो. ते पोट भरून नाल्याकडे उतरलं. त्या दिवशी अर्धीच टोपली भरली.

सातपाळीतला ‘पहिली वेळ तिची’ हा नियम तिथून आला. मोहाच्या दिवसांत अस्वलीचं खाऊन होईपर्यंत कुणी झाडाखाली जात नाही. रानातला बहुतेक धोका असा वेळेला आणि जागेला बांधलेला असतो. तो कोणत्या वेळी कुठे असतो हे ज्याला ठाऊक, तो बराचसा वाचतो. सगळेच वाचतात असं मी म्हणणार नाही, तुमच्या तालुक्यातल्या बाईला तर नाहीच.

वणव्याचंही तसंच. फुलं नीट दिसावी म्हणून लोक मोहाखालचा पाला पेटवतात, ती आग पुढे रान घेते. सातपाळीत पाला झाडून बाजूला ओढतात. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आपल्याकडेही काही ठिकाणी करतात, सगळीकडे व्हायला हवं.

पहिल्या भागात तुम्ही जागल्यांना ‘रानटी टोळी’ म्हटलं, तोंडाला राख आणि बाणाला विष लावलं. मी माडिया आहे, कॉलेजात शिकतो. हे आम्हीच आहोत का? (धानोरा, गडचिरोली)

नाही, आणि तरी तुम्हाला तसं वाटलं ही चूक माझीच. तो शब्द माझ्या हातून गेला. माझ्या वर्गात गोंडी बोलणारी मुलं बसत होती, अशा शब्दानं त्यांची मान कशी खाली जाते ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी कथेला सुरुवातीला दचका हवा म्हणून मी तो लिहिला. मी तुमची मनापासून माफी मागते. पुस्तक निघेल तेव्हा तो परिच्छेद त्यात नसेल.

जागल्ये म्हणजे जागल करणारे, एवढाच अर्थ मनात होता. पिकात रात्री माळ्यावर बसून जागतात, तसे हे रानाची जागल करतात. रात्रीच्या सात प्रहरांना त्यांची सात नावं आहेत: दिवेलागण, चूलविझ, घुबडबोल, मधरात, दवउतर, मोहगळ, कोंबडबांग. कुणी किती बांबू नेले ते दोरीला गाठी मारून मोजतात. गोंडांमधली चार, पाच, सहा, सात देवांची कुळं मला माहीत आहेत, पण ती तुमची आहेत. ती उचलून माझ्या कल्पनेतल्या लोकांना चिकटवणं मला योग्य वाटलं नाही, म्हणून त्यांची कुळं पाण्याच्या जागांवरून ठेवली.

आठव्या भागातल्या सभेत एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तरी निर्णय पुढे ढकलतात. ती गोष्ट मात्र मी तुमच्याच तालुक्यातून घेतली. मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीनं चालते, आणि २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हे ऋण कथेत सांगायला हवं होतं, ते इथे सांगते. तुमचं पत्र छापण्याची परवानगी दिलीत, त्याबद्दल आभार. पुढच्या भागात काही खटकलं तर पुन्हा लिहा.

बांबूला फूल येतं आणि अख्खं बन मरतं, हे जरा जास्तच झालं. आणि बर्फातले लोक आपल्या उन्हात कसे? (वाचक, वरोरा)

दोन्ही खरं आहे. आपल्या रानातला मानवेल बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, साधारण ४० वर्षांनी. त्याचं बन एका हंगामात फुलावर येतं, बी झडतं आणि बेटं वाळून जातात. बी इतकं पडतं की उंदीर वाढतात, आणि वाळलेला बांबू आगीला निमंत्रणच. मी एवढाच फेरफार केला की सातपाळीत हे एका रात्रीत होतं, आणि खुणेची सगळी बेटं गेल्यामुळे वाटा हरवतात.

कथेतले बर्फातले लोक, म्हणजे ‘उंचावरचे’, सुचले ते गोठणगावमुळे. नवेगावबांधजवळ तिथे तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासून. सागाच्या रानात त्यांच्या रंगीत पताका फडफडताना मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा सायकलवरून उतरून किती तरी वेळ बघत राहिले होते.

चकवा खरंच असतो का? माझ्या मामाला लागला होता. रात्रभर तो एकाच झाडाभोवती फिरत होता. सातपाळीत चकवा कुठे लागतो? (आठवीतली विद्यार्थिनी, सडक अर्जुनी)

मामा खोटं बोलत नाही. अंधारात खूण दिसली नाही की माणूस सरळ चालतो आहे असं समजून गोल फिरतो. आपल्याकडे त्याला चकवा म्हणतात.

सातपाळीत तो चौथ्या आणि पाचव्या पाळीच्या मधे लागतो, कारण तिथे भुत्याची झाडं दाट आहेत. भुत्या, म्हणजे कांडोळ, तू उन्हाळ्यात पाहिलंच असशील. पानं झडलेली, खोड गुळगुळीत पांढरं, चांदण्यात माणूस उभा असल्यासारखं दिसतं. एका झाडाकडे बघून चालावं तर तसंच दुसरं समोर येतं, मग तिसरं. कोणतं मागे टाकलं ते कळत नाही.

माझे बाबा ढोरं चारायचे. ते सांगत, चकवा लागला की पहिल्यांदा खाली बसायचं. पाय थांबले की कान चालू होतात. मग पाणी कुठे वाजतं ते ऐकायचं. नाला सापडला की त्याच्या उतारानं खाली जायचं, वर नाही. नाला तलावात उतरतो, तलावाला पाळ असते, आणि पाळीवर कुणी ना कुणी जागा असतो. बाराव्या भागातली मुलगी हेच करते. नाला कोरडा असतो तेव्हा ती काय करते ते मात्र आत्ता सांगत नाही.

मामाला एक विचारशील का? सकाळी उजाडलं तेव्हा तो ज्या झाडाखाली होता, ते झाड कोणतं होतं? मला कळव.