क्रियापदाची दुसरी जागा
क्रियापद शेवटी टाकायची आपली मराठी सवय आधी सोड. स्वीडिशच्या साध्या विधानात काळ दाखवणारं क्रियापद दुसरी जागा सोडत नाही. ‘याग एतेर फिस्क’ म्हणजे मी मासे खातो. ‘आज’ पुढे आणलंस की ‘ई दाग एतेर याग फिस्क’. कर्ता मुकाट मागे सरकतो. आणि दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे हं! ‘ई दाग’ दोन शब्द, पण जागा एकच.

खरी गोची नकाराची, म्हणजे ‘इंते’ची. मुख्य वाक्यात ‘याग एतेर इंते फिस्क’, पण ‘कारण’ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात ‘एफ्तेरसोम याग इंते एतेर फिस्क’. इथे नकार क्रियापदाच्या आधी. स्वीडिशचे शिक्षक याला ‘बिफ’ नियम म्हणतात. बोलताना मी अजूनही चुकतो. लिहून झालं की मात्र आधी ‘इंते’ शोधतो.