नोसचमेथडएरर आला तं कोड खोडू नको

भाऊ, जावाचा प्रोग्राम कंपाइल नीट होते पन चालवलं का नोसचमेथडएरर (मागितलेली मेथड सापडली नाही) येते, मंजे बहुतेक तुया कोडात चूक नाही, एकाच लायब्ररीचे दोन व्हर्जन भिडून रायले. मेवन मंजे लायब्ररी आनून बिल्ड करनारं टूल, त्याची डिपेंडन्सी ट्री, मंजे कोनती लायब्ररी कोनाच्या मागून आली त्याचं झाड, काढ अन निवांत वाच. मेवन सगळ्यात नवं व्हर्जन नाही घेत, झाडात तुया प्रोजेक्टाच्या जे जवळ असंल तेच घेते. गूगलच्या ग्वावा लायब्ररीतच पाय ना, ऑब्जेक्ट्स क्लासमधली टूस्ट्रिंगहेल्पर मेथड 21 व्हर्जनात काढून टाकली, ती मोअरऑब्जेक्ट्समधी गेली, मंग एखादा जुना जार (लायब्ररीची फाइल) जुनीच मेथड मागते अन प्रोग्राम तिथंच पडते, माया दोन राती यातच गेल्या. पॉममधी, मंजे मेवनच्या सेटिंगच्या फाइलीत, डिपेंडन्सी मॅनेजमेंटात एकच व्हर्जन पक्कं कर. अन आपल्या खेड्यात डाउनलोड चालू असताना लाइन गेली तं कधीमधी जार खराब रायते, तवा मेवन जार साठवते त्या डॉट एमटू फोल्डरमधलं त्या लायब्ररीचं तेवढंच फोल्डर उडव, पुन्हा बिल्ड मार.