यंदा कोणता प्रश्न येणार?

प्रश्न : आदरणीय सर, चोपडा तालुक्यातल्या एका गावाहून रोज एसटीने कनिष्ठ महाविद्यालयात येणाऱ्या आम्ही सात मैत्रिणी बारावी विज्ञान शाखेत आहोत. जीवशास्त्राच्या गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवून आम्ही ४५ अपेक्षित प्रश्नांची यादी केली आहे. गेल्या वर्षी येऊन गेलेले प्रश्न लाल पेनाने खोडले, दोन वर्षांत न आलेल्यांना तीन चांदण्या दिल्या आणि पर्यावरणाची शेवटची तीन प्रकरणे यादीत घेतलीच नाहीत. आमच्या मॅडमना यादी दाखवली, तर त्या रागावल्या. माझा मोठा भाऊ मात्र म्हणतो, की तो अशाच यादीवर पास झाला. आम्ही कोणाचे ऐकावे?
– सातजणींपैकी एक, चोपडा तालुका

उत्तर : मॅडमचा राग मला समजतो आणि तुझ्या भावाचे म्हणणेही खोटे नाही. अंदाज बांधण्यात मला काही वावगे वाटत नाही. मी स्वतः शिकवत होतो, तेव्हा डिसेंबर संपला की मुले ‘सर, आयएमपी (म्हणजे महत्त्वाचे प्रश्न) द्या’ म्हणून मागे लागत आणि मी देतही असे. तुमच्या बाबतीत तर मी म्हणेन, की यादी ४५ प्रश्नांची असली तरी एका प्रश्नपत्रिकेत लहानमोठे मिळून ४७ प्रश्न असतात, त्यामुळे ती करण्यासाठी तुम्ही सातजणींनी २३५ प्रश्न नजरेखालून घातले आहेत आणि खरी कमाई ती आहे. माझी तक्रार आहे ती लाल पेनाबद्दल.

गेल्या वर्षी आलेला प्रश्न यंदा येणार नाही, हे तुम्ही कशावरून ठरवले? आनुवंशिकतेच्या प्रकरणात तुम्ही लिंगनिश्चिती शिकला आहात. एखाद्या घरी तीन मुली झाल्या, म्हणजे चौथ्या वेळी मुलगाच होणार, असे म्हणणाऱ्या आजीला तुम्ही हसता, कारण प्रत्येक वेळी शक्यता नव्याने निम्मी-निम्मी असते आणि मागच्या तीन खेपांची आठवण शुक्राणूला नसते. तुमच्या तीन चांदण्यांमागे त्या आजीचाच हिशोब आहे. प्रश्नपत्रिका काढणारा शुक्राणू नव्हे, त्याला मागची आठवण असते, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. पण मग विद्यार्थी काय सोडून बसले आहेत, हेही त्याला ठाऊक असणारच. कसेही पाहिले तरी खोडलेल्या प्रश्नांकडे दुर्लक्ष करायला आधार मिळत नाही.

आता सोडलेल्या तीन प्रकरणांचा हिशोब मांडू. लेखी परीक्षा ७० गुणांची आहे. त्यांतले १० गुण बहुपर्यायी आणि ८ गुण एका वाक्याच्या प्रश्नांना आहेत, आणि या १८ गुणांत पर्याय मुळीच नाही. पुढे दोन गुणांच्या बारा प्रश्नांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ आणि चार गुणांच्या पाचांपैकी तीन सोडवायचे असतात. म्हणजे छापलेले प्रश्न ९८ गुणांचे असतात आणि त्यांतले २८ गुण सोडण्याची मुभा तुम्हाला आहे. या २८ गुणांच्या भरवशावरच तीन प्रकरणे गाळली जातात, हे मला माहीत आहे. परंतु ही मुभा प्रत्येक विभागात वेगवेगळी वाटलेली आहे. चार गुणांच्या विभागात ती फक्त दोन प्रश्नांची आहे. प्रत्येक प्रकरणाला गुणभार नेमून दिलेला असल्यामुळे गाळलेली प्रकरणे कुठे ना कुठे डोके वर काढतातच. ती नेमकी दीर्घोत्तरी विभागात निघाली, तर येत असलेला प्रश्न निवडण्याऐवजी उरलेला प्रश्न लिहिण्याची वेळ येते, आणि पहिल्या १८ गुणांत निघाली, तर निवडायलाही काही नसते. शिवाय ही प्रकरणे इतर प्रकरणांच्या मानाने सोपी आहेत. यावल अभयारण्य ज्यांच्या उशाशी आहे, त्या मुलींनी जैवविविधता सोडावी, याचे मला थोडे वाईटही वाटले.

यादीचा दुसरा धोका मी माझ्या वर्गात पाहिला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा ‘हृदय नक्की येणार’ असे छातीठोकपणे सांगितले होते आणि हृदय आलेही. मी खुशीत होतो. मग मुले भेटली. प्रश्न हृदयाच्या वहनसंस्थेवर होता, म्हणजे एसए नोडपासून एव्ही नोड, हिस बंडल आणि पर्किंजे तंतूंपर्यंत आवेग कसा जातो ते लिहायचे होते. आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी चार कप्पे, झडपा आणि महाधमनी यांची सुबक आकृती काढून, नावे देऊन, खाली दोन रेघा ओढल्या होत्या. अंदाज माझा होता, तो बरोबर ठरला आणि गुण मात्र मुलांचे गेले. त्या दिवसापासून मी प्रश्न सांगणे बंद केले आणि मुद्दे सांगू लागलो.

हा फरक तुमच्या ध्यानात यावा, म्हणून एकच मुद्दा घेऊ, तो द्विफलनाचा, म्हणजे फुलात एकाच वेळी होणाऱ्या दोन फलनांचा. यादीत तुम्ही ‘द्विफलन आकृतीसह स्पष्ट करा’ असे लिहिले असेल. आता मक्याचे कोवळे कणीस हातात घ्या. आपल्याकडे शेताच्या बांधावर ते हवे तेव्हा मिळते. मक्याच्या पानाच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात, तर दाण्यातल्या ज्या भागाचे पीठ होते, त्या भ्रूणपोषाच्या पेशीत किती असतील? ज्याला द्विफलन कळले आहे, तो ३० म्हणेल, कारण एक पुंयुग्मक (नर पेशी) दोन ध्रुवीय केंद्रकांच्या मीलनातून झालेल्या केंद्रकाशी एकरूप होते आणि या तिघांत प्रत्येकी १० गुणसूत्रे असतात. हाच प्रश्न एका गुणाला ‘भ्रूणपोष किती गुणित असतो’ असा येतो, दोन गुणांना द्विफलनाचे महत्त्व म्हणून येतो, तीन गुणांना भ्रूणपोषाचे प्रकार म्हणून येतो आणि चार गुणांना आकृतीसह संपूर्ण प्रक्रिया म्हणून येतो. एका गुणाला कधी द्विफलन शोधणाऱ्याचे नावही विचारले जाऊ शकते. तो नवाशिन, १८९८. शेजारीच रावेर-यावलची केळी आहेत. त्यांत बी का नसते, हे विचारले की अनिषेकफलन, म्हणजे फलनाशिवाय फळ धरणे, आले, आणि बी नसताना लाखो रोपे कशी तयार होतात, हे विचारले की ऊतीसंवर्धन आले, जे पुस्तकात दहा प्रकरणे पुढे आहे. तुमच्या ४५ प्रश्नांचे असे ४५ मुद्दे करा आणि प्रत्येक मुद्द्यावर एक, दोन, तीन आणि चार गुणांचा प्रश्न तुम्ही स्वतः तयार करा. त्यात मागचे सगळे खोडलेले प्रश्न आपोआप परत येतील.

प्रश्न एकीने काढावा आणि दुसरीने पुस्तक मिटून उत्तर द्यावे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की धडा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी त्यांच्या पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण मला ती ओळींमधून दिसली. तुमच्यापैकी बहुतेकींचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झाले असणार आणि अकरावीत जीवशास्त्र एकदम इंग्रजीत आले. अपेक्षित प्रश्नांची ओढ खानदेशातल्या मुलांना अधिक वाटते, ती आळसामुळे नव्हे, तर अनोळखी इंग्रजीत आयत्या वेळी वाक्य सुचणार नाही, या धास्तीमुळे. आणि ४५ उत्तरे तोंडपाठ केली की ती धास्ती जाते, असे वाटते. एसटीतला वेळ यासाठी वापरा. उत्तर आधी आपल्या बोलीत सांगा, अहिराणीत सांगितले तरी चालेल. ते नीट सांगता आले, तर विषय समजला आहे. मग घरी येऊन त्याची इंग्रजीत सहा-सात शब्दांची लहान वाक्ये करा आणि पारिभाषिक शब्द तेवढे बिनचूक ठेवा. तपासणीत गुण मुद्द्यांना आणि संज्ञांना मिळतात, लांब वाक्यांना मिळत नाहीत. मॅडमना ही नवी वही दाखवा. त्या रागावणार नाहीत, असे मला वाटते.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्या मोबाइलवर कोणीतरी ‘जीवशास्त्राचा शंभर टक्के येणारा पेपर’ २००० रुपयांना देतो म्हणून निरोप पाठवला आहे. पोऱ्या हट्ट धरून बसला आहे. पैसे देऊ का?
– एक शेतकरी, शहादा तालुका

उत्तर : दादा, देऊ नका. प्रश्नपत्रिका साऱ्या राज्यासाठी एकच असते. नाशिक विभागीय मंडळातल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मुलांना जी मिळते, तीच कोकणातल्या मुलांना मिळते, आणि ती शहाद्याच्या एका फोनवर २००० रुपयांत उतरेल, हे संभवत नाही. तो माणूस जुन्या प्रश्नांचीच जुळणी पाठवील आणि त्यातले पाच-सहा प्रश्न आले, की पुढच्या वर्षी त्याचीच जाहिरात करील. जीवशास्त्राची कोणतीही ४० प्रश्नांची यादी केली, तरी त्यातले काही प्रश्न येतातच. आणि समजा पेपर खरा निघाला, तर तो प्रकार गुन्हा आहे. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ सालापासून कायदा आहे. मुलाला रागावू नका, मात्र तो निरोप त्याच्या प्राचार्यांना दाखवा.

प्रश्न : मी ‘नीट’ची तयारी करत आहे. त्यात १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचेच असल्याने माझा विषय पक्का आहे. मग बोर्डासाठी फक्त अपेक्षित प्रश्न केले तर चालतील का?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : तुमचा विषय पक्का असेल, तर उलट तुम्हाला यादीची गरजच नाही. तुम्हाला गरज आहे ती हाताच्या सवयीची. वर्षभर पर्यायाचे गोळे काळे करणाऱ्या मुलांना उत्तर माहीत असते, पण ते तीन गुणांच्या मापात लिहिता येत नाही. एक तर दोन ओळींत संपते किंवा दीड पान होते. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के गुण नसतील, तर ‘नीट’चे गुण असूनही वैद्यकीय प्रवेश मिळत नाही, हेही विसरू नये. राज्य मंडळाचे पुस्तक एकदा स्वतंत्रपणे वाचा, कारण त्याची मांडणी आणि काही उदाहरणे ‘नीट’साठी वाचल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकाहून वेगळी आहेत. सतपुड्याच्या पायथ्याच्या गावांमुळे आपल्या ओळखीचा असलेला सिकलसेल आजार राज्य मंडळाच्या पुस्तकात एका जनुकाच्या अनेक परिणामांचे उदाहरण म्हणून येतो आणि तिथे संततीत नेहमीच्या ३:१ ऐवजी २:१ हे प्रमाण का मिळते, ते लिहून दाखवावे लागते. आठवड्याला एक पूर्ण प्रश्नपत्रिका तीन तासांत, आकृत्या पेन्सिलने काढून, कागदावर सोडवा. ३० गुणांच्या प्रात्यक्षिकाची वही अजून अपुरी असेल, तर आज आधी ती पूर्ण करा.