वाचकांचे प्रश्न : सेटिंग्जची विंडो पडद्यात मावत नाही

प्रश्न : आम्ही वाचनालयांसाठी देवघेवीचं सॉफ्टवेअर क्यूटीमध्ये (विंडो, बटणं वगैरे बनवण्याच्या तयार साधनसंचात) बनवतो. सेटिंग्जमध्ये वर अकरा टॅब आणि साठेक पर्याय आहेत. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर विंडो पडद्याखाली जाते, ‘लागू करा’ बटण दिसतच नाही आणि कोपरा धरून ओढलं तरी विंडो लहान होत नाही. टॅब काढून डावीकडे यादी दिली तर भागेल का? (सातारा)

उत्तर : यादीने शोधणं सोपं होईल, पण विंडो तेवढीच मोठी राहील. आधी आकाराचं पाहू.

क्यूटीचं टॅबविजेट आतून स्टॅक्डविजेटच (एकावर एक पानं ठेवून एका वेळी एकच दाखवणारा घटक) वापरतं आणि ते किमान आकार ठरवताना समोरचं एकच पान नाही, सगळी पानं मोजतं. अकरांपैकी एक पान रुंद असलं की पूर्ण विंडो तेवढी रुंद राहते. डाव्या यादीमागेही तुम्ही स्टॅक्डविजेटच ठेवणार, म्हणून अडचण तशीच पुढे येईल. प्रत्येक पानाचा मिनिममसाइजहिंट (ते मागतं तो किमान आकार) लॉगमध्ये छापून पाहा. कारण बहुतेकदा दोनांपैकी एक निघतं : वर्डरॅप (मजकूर मोडून पुढच्या ओळीत नेणं) न लावलेलं लांबलचक लेबल किंवा मोठमोठ्या नावांनी भरलेला कॉम्बोबॉक्स (खाली उघडणारी निवडयादी). कॉम्बोबॉक्स सर्वांत लांब नावाएवढी जागा मागतो. प्रिंटरच्या यादीत एखादं पन्नास अक्षरी नाव आलं की पान फुगतं, आणि ते तुमच्या मशीनवर कधी दिसत नाही. त्याची साइजॲडजस्टपॉलिसी ‘ॲडजस्टटूमिनिममकंटेंट्सलेंथविथआयकॉन’ करा आणि मिनिममकंटेंट्सलेंथ १२ च्या आसपास ठेवा.

मग प्रत्येक पान वेगळ्या स्क्रोलएरियात घाला आणि विजेटरिसायझेबल (आतलं पान चौकटीप्रमाणे लहानमोठं होऊ देणं) चालू करा. हे विसरलं तर पान आपल्या मूळ रुंदीला चिकटून राहतं आणि आडवी स्क्रोलपट्टी उगवते.

इथे एक धोका आहे, तो गांभीर्याने घ्या. पान स्क्रोल करताना माउस एखाद्या स्पिनबॉक्सवर (आकडा वर-खाली करायच्या चौकटीवर) आला की चाक पान हलवायचं सोडून आकडा बदलतं. सभासदाची अनामत ५०० ची ४९७ झाली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. स्पिनबॉक्स आणि कॉम्बोबॉक्स यांची फोकसपॉलिसी स्ट्राँगफोकस करा, म्हणजे नुसत्या चाकाने त्यांना फोकस मिळणार नाही. शिवाय इव्हेंटफिल्टर (इव्हेंट चौकटीकडे जाण्याआधी तपासणारा कोड) लावा : फोकस नसताना चाकाचा इव्हेंट आला तर तो ‘इग्नोर’ करून फिल्टरने ‘ट्रू’ परत द्यावं. मग चाक स्क्रोलएरियाकडे जातं.

आता मापं, सगळी पिक्सेलमध्ये. ७६८ ही उंची तुमच्या हाती नसते. विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के असेल तर पडदा साधारण १०९३ × ६१४ उरतो आणि १५० टक्क्यांना ९११ × ५१२. विंडोज ११ चा टास्कबार ४८ घेतो, शीर्षकपट्टी तीसेक. म्हणून किमान आकार ६४० × ४०० ठरवा आणि उघडताना ८६० × ५२० द्या. त्याआधी स्क्रीनची अव्हेलेबलजिऑमेट्री (टास्कबार वगळून उरलेली जागा) विचारून त्यात बसेल एवढाच ठेवा. यादीला २०० ते २४० रुंदी पुरते. उजवीकडचा मजकूर मात्र ६०० च्या पुढे पसरू देऊ नका. विंडो मोठी केल्यावर नाव डाव्या टोकाला आणि स्विच उजव्या टोकाला गेला की कोणता स्विच कोणाचा, हे बोट ठेवून पाहावं लागतं. लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपच्या लिबअद्वैता या लायब्ररीत रुंदी रोखणारा क्लॅम्प हा घटक आहे, त्याचीही मूळ मर्यादा ६०० च आहे.

ओळींना ठरावीक उंची दिली असेल तर ती काढा. इंग्रजीला २२ पिक्सेल पुरतात. ‘पूर्ववत करा’ मध्ये वर रफार आणि खाली ऊकार, त्यामुळे तेवढ्यात काहीतरी कापलं जातंच.

राहिली विभागणी. अकरा टॅबची अकरा नावं तशीच डावीकडे उतरवू नका. ती नावं बहुधा कोडमधल्या मॉड्यूलप्रमाणे पडलेली असतात. प्रत्येक पर्याय एका चिठ्ठीवर लिहा आणि रोज हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पाच-सहा ग्रंथपालांना एकेकट्याने गठ्ठे करायला सांगा, गठ्ठ्याला नावही त्यांनीच द्यावं. ‘विलंब शुल्क’ तुम्ही ‘हिशेब’ मध्ये टाकलं असेल. त्यांच्या लेखी ते ‘देवघेव’ मध्ये असण्याची शक्यता जास्त. जिथे मतं फुटतील ते पर्याय शोधाच्या चौकटीतून हमखास सापडतील असं पाहा. एकत्र करायला घाबरू नका. मार्च २०२४ च्या ग्नोम ४६ मध्ये भाषा, तारीख-वेळ, वापरकर्ते आणि संगणकाची माहिती ही वेगवेगळी पानं ‘सिस्टम’ या एका पानाखाली नेली गेली आणि डावी यादी बरीच आखूड झाली. तुमच्या साठ पर्यायांना सहा-सात विभाग पुष्कळ झाले.

प्रश्न : ‘लागू करा’ बटण ठेवावं, की बदल लगेच लागू व्हावा? (नागपूर)

उत्तर : मॅकओएस आणि ग्नोममध्ये स्विच सरकवला की बदल झाला, केडीई या लिनक्सवरच्याच दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ‘लागू करा’ आहे. दोन्ही चालतात. काही पानं अशी आणि काही तशी हे मात्र चालत नाही, कारण माणूस एका पानाची सवय दुसऱ्या पानावर नेतो आणि जतन न करताच विंडो बंद करतो.

लगेच लागू करायचं ठरलं तर टाइप होणाऱ्या आकड्यांकडे पाहा. दंडाचा दर १० लिहिताना आधी १ उमटतो, आणि व्हॅल्यूचेंज्डवर (आकडा बदलताच येणाऱ्या सिग्नलवर) जतन केलं तर क्षणभर दर १ होतो. त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरवर पुस्तक परत आलं तर पावती चुकीची. स्पिनबॉक्सचं कीबोर्डट्रॅकिंग बंद करा, म्हणजे टाइप करून झाल्यावरच हा सिग्नल येतो. साध्या मजकुराच्या चौकटीसाठी एडिटिंगफिनिश्ड (लिहिणं संपल्यावर येणारा सिग्नल) वापरा. डेटाबेसचा पत्ता किंवा बॅकअपची जागा अशा गोष्टी वेगळ्या लहान डायलॉगमध्ये न्या. तिथे आधी जोडणी तपासावी आणि मगच ‘जतन करा’ चालू व्हावं.

प्रश्न : शोधाची चौकट दिली, पण मराठीत टाइप केलेलं पुष्कळदा सापडत नाही. ‘कॅमेऱ्याची परवानगी’ समोर असून ‘कॅमेऱ्या’ शोधलं तर काहीच येत नाही. (पणजी)

उत्तर : दिसायला एकसारखी अक्षरं आत वेगळी साठवलेली असतात. ‘ऱ्या’ मधला अर्धा र एका कीबोर्डवर ‘ऱ’ आणि हलन्तापासून होतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) यांतून. ‘ॲप’ चंही तसंच : ॲ हे स्वतंत्र युनिकोड अक्षर आहे, आणि कुणी अ वर चंद्र देऊन लिहितं. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगळ्या साठवणी एक करायची ठरलेली पद्धत) या दोन्ही जोड्या जुळवत नाही, त्यामुळे फक्त तेवढं करून थांबू नका.

पर्यायांची नावं आणि शोधाचा मजकूर, दोन्हींवर हीच प्रक्रिया करा : आधी एनएफसी, मग जॉइनर व नॉन-जॉइनर काढणं, ‘ऱ’ चा ‘र’, ‘ॲ’ चा ‘अ’ अधिक चंद्र. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकारही एक माना. घाईत ‘प्रींटर’ लिहिणाऱ्याला प्रिंटर मिळायलाच हवा. हे रूप फक्त तुलनेसाठी, पडद्यावर मूळ नावच दाखवा. प्रत्येक पर्यायाला तीन-चार जादा शब्द जोडा : ‘विलंब शुल्क’ ला ‘दंड’, ‘उशीर’, ‘फाइन’, आणि तेच रोमन लिपीतही. निकालावर क्लिक केल्यावर नुसतं पान उघडून सोडू नका. त्या ओळीपर्यंत स्क्रोल करा आणि तिची पार्श्वभूमी दोनेक सेकंद रंगवा.

प्रश्न : दुसरा मॉनिटर काढल्यावर सेटिंग्जची विंडो कुठेतरी पडद्याबाहेर उघडते. (पुणे)

उत्तर : एक्स-वाय हाताने साठवत असाल तर ते बंद करा. विंडोची जागा आणि आकार साठवणारं सेव्हजिऑमेट्री आणि ते परत लावणारं रिस्टोरजिऑमेट्री ही क्यूटीची फंक्शन्स वापरा. साठवलेली जागा पडद्याबाहेर असेल तर रिस्टोरजिऑमेट्री विंडो उपलब्ध पडद्यात आणते.